खाचेतल्या मोटारी आणि मराठवाड्याचं ऊन

रस्त्याकडेला वर्षभर लटकत राहिलेला फ्लेक्स कधी नीट बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे पुढारी पार निळे पडलेले असतात. लाल आणि पिवळी शाई उन्हाने आधी उडते, निळी मागे राहते. नांदेडात फलक करण्याचा माझा धंदा आहे. कोणता माल उघड्यावर किती उन्हाळे काढतो, हा माझ्या पोटापाण्याचाच विषय. त्यामुळे लातूरच्या भाच्याने "मामा, गच्चीवर स्लॉट कारचा ट्रॅक करायचाय, कायमचा, पावसात भिजला तरी चालेल असा" म्हटल्यावर मी त्याला सांगितलं, पावसाचं नंतर बघू, आधी उन्हाचं बोल.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्लॉट कार म्हणजे खाचेतून धावणारी विजेची छोटी मोटार. तिच्या पोटात बॅटरी नसते, सेल नसतात. पुढच्या चाकांजवळ खाली एक जीभ असते, ती ट्रॅकवरच्या खाचेत उतरते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात आणि जिभेच्या दोन बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या झिपऱ्या. झिपरी पट्टीवर घासत जाते, तिच्यातून वीज मोटारीला मिळते. खेळणाऱ्याच्या हातात फक्त खटका. दाबला की वेग, सोडला की ब्रेक. स्टिअरिंग नाहीच. सोपं वाटतं ना? वळणावर खटका जरा जास्त दाबला गेला की गाडी खाचेतून उसळून थेट कठड्यापाशी.

१९५७ साली इंग्लंडमधल्या हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात फ्रेड फ्रान्सिस यांनी 'स्केलेक्स्ट्रिक' मांडलं आणि हा खेळ घरोघरी गेला. त्याआधी त्यांच्या 'स्केलेक्स' गाड्या स्प्रिंगवर चालत. त्याच नावाला पुढे 'इलेक्ट्रिक'चं शेपूट लागलं. सगळ्यात चालणारं माप १:३२ चं, म्हणजे खरी गाडी चार मीटरची असेल तर ही साडेबारा सेंटीमीटरची, तळहातावर मावणारी. बाजारात मिळणारा ट्रॅक मात्र प्लास्टिकचा, दिवाणखान्यात मांडायचा आणि सुटा करून कपाटात ठेवायचा. उघड्यावरचा प्रसिद्ध ट्रॅक म्हणजे ब्रिटिश सूत्रसंचालक जेम्स मे यांनी टीव्ही कार्यक्रमासाठी ऑगस्ट २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सला, १९०७ च्या जुन्या शर्यतमार्गाच्या वाटेवर, लोकांना हाताशी धरून जोडलेला पावणेपाच किलोमीटरचा. गिनीज बुकात गेला तो. पण तो घडीभराचा मांडव होता. कायमस्वरूपी उघड्यावर राहायचं तर गणित वेगळं.

आपल्याकडे छोट्या गाड्यांचं वेड नाही असं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. पण तेही छपराखालीच. लातूर-नांदेडच्या गच्चीवर मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकतो आणि गच्चीचा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी वर जातो. दुपारी अनवाणी जाऊन बघा म्हणजे कळेल.

परदेशातले हौशी लोक खाच पाडायला एमडीएफ वापरतात. ते आपल्याकडे सोडूनच द्या. एका पावसात पावासारखं फुगतं. प्लायवूडवाला म्हणेल मरीन घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. मरीन प्लाय पाण्याला टिकतो हे खरं, पण आम्ही पाडलेल्या खाचेच्या कडा उघड्या राहतात आणि तिथून ऊन-पाणी आलटून पालटून आत शिरतं. भाच्याला माझ्या दुकानातलं सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसीचं फोमशीट, फार आवडलं होतं. राऊटरवर, म्हणजे खाचा कोरायच्या यंत्रावर, लोण्यासारखी खाच पडते, पाणी शोषत नाही, वजनाला हलकं. त्याला मी कागदावर हिशेब करून दाखवला. आठ फुटी शीट म्हणजे २४४० मिलिमीटर. पीव्हीसी दर अंशाला, दर मीटरला साधारण ०.०६ मिलिमीटर वाढतं. डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत शीटच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर शीट जवळपास सहा मिलिमीटरने लांबतं. त्यावर चिकटवलेली तांब्याची पट्टी तेवढ्यात दीड-पावणेदोनच मिलिमीटर वाढते. मग होतं काय? उन्हाळ्यात ताणून तुटते, हिवाळ्यात सुरकुत्या पडून उचलते, आणि गाडीची झिपरी त्या उचललेल्या टोकात अडकते. एसीपी शीट कमी वाढतं, पण त्याच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियम. पट्ट्या थेट त्यावर लावल्या की सरळ शॉर्टसर्किट.

हे गणित लातूरकरांना नवं नाही. १९११ साली लातूरला पोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांच्या सांध्यातही बोटभर नाही पण दिसेल एवढी फट असायची. लोखंडाला वाढायला जागा दिली नाही तर ते स्वतः करून घेतं.

शेवटी आम्ही गेलो गवंड्याकडे. सिमेंट दर अंशाला पीव्हीसीच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्शाने वाढतं आणि तांब्याच्या वाढीशी त्याचं बऱ्यापैकी जमतं. शिवाय कोबा करणारे हात आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. राऊटर चालवणारे हुडकावे लागतात. दाजींची अट एकच होती: गच्चीच्या स्लॅबला एक भोकसुद्धा पाडायचं नाही, खाली स्वयंपाकघर आहे. अट रास्त होती. वॉटरप्रूफिंग फोडून खेळणं बसवणारा माणूस घरात दुसऱ्यांदा चहा पिऊ शकत नाही. म्हणून विटांच्या थरांवर शहाबादी फरशा ठेवल्या आणि फरशीवर कोबा. प्रत्येक तुकडा मीटरभराचा, वेगळा, उचलता येईल असा.

खाच कशी पाडायची, हा खरा प्रश्न. मार्बल कटरने सरळ रेघ छान मारता येते, वळणावर त्याचं पातं अडकतं. इथे माझं दुकान कामी आलं. आठ मिलिमीटरच्या ॲक्रिलिकमधून तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या राऊटरवर कापल्या, सरळ आणि वळणाच्या दोन्ही. आणि त्यांच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पातळ पायरी चिकटवली, म्हणजे खाचेलगत तांब्याची पट्टी बसायला घर आपोआप तयार होतं. पट्ट्यांना शटरिंगचं ऑइल चोपडलं, पायरीची बाजू वर ठेवून फरशीवर गमाच्या थेंबाने टेकवल्या आणि मिस्त्रींनी भोवती माल भरला: एकाला तीन, रेती कापडातून चाळलेली. वर नीरू मारून घोटाई. आता या पट्ट्या काढण्याची वेळ साधावी लागते. माल ओला असताना ओढल्या तर कड ढासळते, पूर्ण घट्ट झाल्यावर ओढल्या तर कपची उडते. मिस्त्री अंगठ्याने दाबून बघायचे. ठसा उमटत नाही पण नखाने ओरखडा पडतो, अशा घडीला पट्टी एका टोकाकडून हळूहळू उचलायची. असलं मोजमाप कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. मग आठवडाभर तराई, आणि त्यानंतर चांगलं कोरडं होईपर्यंत धीर.

पाण्याचं उत्तर यातच आलं. अख्ख्या ट्रॅकला मीटरला सेंटीमीटरभर ढाळ दिला, गच्चीच्या पन्हाळीकडे. दोन तुकड्यांमधला सांधा पीयू सीलंटने भरला, फक्त खाच जिथे सांध्याला येते तेवढी फट मोकळी सोडली. खाचेत पडलेलं पाणी त्या फटीतून खाली गळतं आणि विटांमधून वाहून जातं. त्याला अडवायचा आम्ही प्रयत्नच केला नाही.

नांदेडात अंगण असलेल्या कुणी हे जमिनीवर करायचं ठरवलं तर एक इशारा. आपली काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट कोबा घातला की दोन ऋतूंत त्याचे तुकडे होतात, मग सिमेंट कितीही घाला. काळी माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मस करायची, आणि मग काम. खुद्द ब्रुकलँड्सचा मोठा रस्ताही काँक्रीटचा होता आणि वर्षांगणिक खाली-वर होत गेला.

तांब्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच पैसे वाया घालवतात. चिकटपट्टीसारखी तांब्याची टेप मिळते, पण ती कागदाएवढी पातळ. मीटरला सुमारे एक दशांश ओहमचा रोध. लांब ट्रॅकवर पलीकडच्या टोकाला गाडी मरगळते. स्टीलची पट्टी गंजत नाही म्हणून कुणी सुचवेल, पण तिचा रोध तांब्याच्या चाळीस पट. विहिरीच्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्यांकडे कागद गुंडाळलेली चपटी तांब्याची पट्टी असते, ती मागा. ॲल्युमिनियमचीही तशीच दिसते, ती नको. तिच्यावर चढणारा थर वीज अडवतो. कागद सोलून पट्टी लाल होईपर्यंत तापवायची आणि पाण्यात बुडवायची. तांबं मऊ पडतं आणि वळणावर निमूट वाकतं. दोन घटकांच्या इपॉक्सीने कोरड्या घरात बसवायची. सांध्यावर पट्टीही तोडायची आणि खालून मऊ वायरीचा सैल फास डाग देऊन जोडायचा. पावसाळ्यानंतर तांबं काळवंडतं, त्याला भांडी घासायच्या हिरव्या घासणीचा एक फेरा पुरतो. चिंच लावू नका. भांडं नंतर धुता येतं, खाचेत राहिलेली चिंच धुता येत नाही.

रंग पांढरट राखाडीच द्या, बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक. काळा डांबरी रंग खरा रस्ता वाटतो म्हणून पोरं हट्ट करतात, पण काळा रंग ऊन पितो.

गाड्यांमध्ये एक बदल करावाच लागला. बऱ्याच तयार गाड्यांच्या पोटाखाली लोहचुंबक असतो. प्लास्टिक ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्यांना तो ओढून धरतो आणि गाडी वळणावर उडत नाही. तांब्यावर त्याचा काही उपयोग नाही, आणि उघड्यावर तर तो शत्रूच. गोदावरीच्या रेतीत चुंबक फिरवून काळी केसाळ भुकटी गोळा करण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलोय. बेसाल्ट खडकातून आलेले हे लोहयुक्त कण इथल्या धुळीतही असतात. चुंबकाला दोन फेऱ्यांत त्यांची दाढी फुटते आणि ती जाऊन दातेरी चाकांत बसते. चुंबक काढून टाकला, आणि गाड्या वळणावर मागून घसरू लागल्या. माझ्या मते खरी मजा तिथूनच सुरू होते.

विजेचं काम डोकं ठिकाणावर ठेवून करा. ॲडॅप्टर घरातच राहील, गच्चीवर फक्त बारा-पंधरा व्होल्ट डीसीची वायर येईल. घराच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ट्रॅकआधी तो बसवा. लाइट गेली तर इन्व्हर्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर गाड्या मजेत पळतात. मात्र बॅटरीला लागूनच मोटरसायकलचा फ्यूज टाका, कारण खाचेवर खिळा पडला तरी ती बॅटरी वायर लाल करील. मृगाच्या ढगांचा गडगडाट ऐकू आला की वायर काढून सगळ्यांनी खाली यायचं, शर्यत कितीही रंगात असो.

हे करायचं मनात असेल तर काम दसऱ्यानंतर काढा. थंडीत कोबा सावकाश सुकतो, भेगा कमी पडतात आणि मिस्त्रीही निवांत भेटतो. गाड्या मात्र रोज घरात न्या, ट्रॅक उघड्यावर राहू द्या. आणि मे महिन्यात संध्याकाळी सहाच्या आत पोरांना गच्चीवर सोडू नका.