थंडीची सरासरी

जानेवारीच्या मध्यास भारतात थंडी असते, हे विधान अर्धेच खरे होय. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलान’ चालू असतो, दल सरोवराच्या कडा गोठतात; त्याच वेळी केरळच्या किनाऱ्यावर दुपारी पारा तीस अंशांच्या घरात असतो. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा हलका पाऊस पंजाब-हरियाणातील गव्हाला संजीवनी ठरतो, तर तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ओसरून पोंगलच्या सुमारास भाताची कापणी चालते.

या साऱ्यांची सरासरी काढता येईल. पण तीत कोणाचेच हवामान सापडणार नाही. फार लांब जाण्याचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडचा नीचांक कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला जातो. ती थंडी गव्हाला हवीशी. शेजारच्या द्राक्षबागाईतदाराला मात्र मणी तडकतील या धास्तीने पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात.

मैदानी भागात किमान तापमान १० अंश वा त्याखाली जाऊन सरासरीहून निदान ४.५ अंशांनी घटले, की हवामान खाते थंडीची लाट मानते. शास्त्राला ही व्याख्या पुरेशी आहे. परंतु पक्क्या घरात राहणारा आणि पदपथावर झोपणारा, दोघांना तापमापक एकच आकडा दाखवतो. ज्याला दुलई परवडत नाही, त्याची लाट त्या रेषेच्या आधीच सुरू होते. निवारागृहांची दारे त्याच्या हिशेबाने उघडली पाहिजेत, आकड्याच्या नव्हे.