छतावरचा अजगर आणि अंगणातला साप
ऑस्ट्रेलियातील घरांभोवती आढळणाऱ्या सापांची ओळख

ब्रिस्बेनला मुलाकडे किंवा मुलीकडे राहावयास गेलेल्या आई-वडिलांना तेथील एक दृश्य चकित करते. घराच्या छपरावर दोन मीटरहून लांब अजगर ऊन खात पडलेला असतो आणि शेजाऱ्यांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. हा कार्पेट पायथन. अंगावरील गालिच्यासारख्या नक्षीमुळे त्याला हे नाव मिळाले. तो बिनविषारी असून उंदीर व पॉसम यांच्या मागावर छतापर्यंत येतो. सिडनीच्या परिसरात त्याचाच भाऊबंद डायमंड पायथन दिसतो. त्याच्या काळ्या अंगावर पिवळसर ठिपक्यांची नक्षी असते.

सापांची ओळख पटविताना मात्र आपल्याकडील आडाखे तेथे फसवे ठरतात. घोणस व फुरसे यांच्यामुळे ‘त्रिकोणी डोके म्हणजे विषारी साप’ असा समज महाराष्ट्रात रूढ आहे. ऑस्ट्रेलियात घोणसकुळातील एकही साप नाही. तेथे रुंद व मानेपासून वेगळे दिसणारे डोके बहुधा अजगराचे असते. विषारी डेथ ॲडर हा त्यास अपवाद. उलट, ज्याच्या दंशाने त्या देशात सर्वाधिक मृत्यू होतात, त्या ईस्टर्न ब्राउन स्नेकचे डोके लहान व मानेशी एकरूप असते.

रंगावरही विसंबता येत नाही. ब्राउन स्नेक फिकट तपकिरीपासून जवळजवळ काळ्या रंगापर्यंत आढळतो आणि त्याच्या पिलांच्या अंगावर पट्टे असू शकतात. टायगर स्नेकही पुष्कळदा पट्टेदार असतो. घाईत त्याला अजगर समजणे जिवावर बेतू शकते. चकचकीत काळा व कुशीला लाल असलेला रेड-बेलीड ब्लॅक स्नेक विषारी, तर सडपातळ, मोठ्या डोळ्यांचा ग्रीन ट्री स्नेक निरुपद्रवी असतो.

कार्पेट पायथनच्या खालच्या ओठालगत उष्णता जाणणारे खळगे असतात. ही खूण पक्की खरी. परंतु ती दिसण्याइतके जवळ जाणे शहाणपणाचे नाही. शंका येताच साप विषारी समजावा, नातवंडांना घरात घ्यावे, दार लावावे आणि परवानाधारक साप पकडणाऱ्यास बोलवावे. तेथील साप कायद्याने संरक्षित आहेत. शिवाय पुष्कळ दंश साप मारावयास किंवा पकडावयास जाणाऱ्यांनाच होतात. सापास अभय देण्यातच घराचीही सुरक्षितता आहे.

दंश झाल्यास 000 या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. रुग्णास चालू देऊ नये. दंश झालेल्या संपूर्ण हातावर वा पायावर रुंद, ताणले जाणारे बँडेज घट्ट गुंडाळून तो अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. जखम धुऊ नये. त्वचेवरील विषाच्या अंशावरून रुग्णालयात योग्य प्रतिविष निवडण्यास मदत होते.

प्रतिबंधाचा मार्ग धान्याच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. जेथे दाणे सांडतात तेथे उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग साप. पक्ष्यांना दाणे अवश्य घालावेत. पण उरलेले सायंकाळी झाडून घ्यावेत.