‘आगाऊ’ या शब्दाची दुहेरी कारकीर्द

संस्कृत ‘अग्र’शी नाते सांगणारा ‘आगाऊ’ हा शब्द एकीकडे कचेरीच्या दप्तरात ‘आगाऊ रक्कम’, ‘आगाऊ सूचना’ अशा प्रतिष्ठेच्या जागी रुजू असताना, दुसरीकडे, वडीलधारी मंडळी बसलेली असताना कोणी न विचारता ‘मांडव तिकडे नको, इकडे घाला’ असा हुकूम सोडणाऱ्या पोरसवदा पाहुण्यासही तितक्याच सहजतेने लावला जातो, ही मला मराठीची मोठी मनोज्ञ किमया वाटते. कारण एकात वेळेच्या आधी आणि दुसऱ्यात अधिकाराच्या आधी पुढे सरसावणे, हाच अर्थ आहे.

लिंगवचनाने हा शब्द बदलत नाही : आगाऊ मुलगा, आगाऊ मुलगी, आगाऊ पोरे. नाम मात्र ‘आगाऊपणा’.

‘भोचक’ मनुष्य दुसऱ्याच्या पगाराची नि सोयरिकीची नसती चौकशी करतो, ‘लुडबुड्या’ चालत्या कामात मध्येच हात घालतो. आगाऊ माणूस त्याहून पुढे जाऊन परस्पर निर्णयच देऊन मोकळा होतो. हा शब्द बहुधा धाकट्यांसाठी किंवा बरोबरीच्यांसाठी योजतात. वडीलधाऱ्यांना ‘आपण कशाला ही उठाठेव करता?’ एवढेच अदबीने विचारण्याचा प्रघात आहे.

आपल्या भागात अशा माणसास निराळा शब्द रूढ असल्यास तो अवश्य कळवावा.