आपली लेक नोटरी होऊ शकते

तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल-खुर्ची, टेबलावर स्टँप पॅड आणि मागे ‘नोटरी’ अशी पाटी. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. प्रतिज्ञापत्र करायचं असो की एखादा करारनामा, त्या शिक्क्याशिवाय आपलं पान हलत नाही. पण त्या खुर्चीवर बाई बसलेली किती वेळा पाहिलीत? आज आपण बघू, नोटरी होतात कसं आणि त्या शिक्क्याला खरी किंमत किती.

नोटरी म्हणजे टायपिंग करणारा किंवा स्टँप विकणारा नव्हे. नोटरी हा सरकारनं नेमलेला वकील असतो. नोटरी कायदा 1952 सालचा आणि त्याचे नियम 1956 सालचे. केंद्र सरकार नोटरी नेमतं, तसंच राज्य सरकारही नेमतं.

आता वाट कशी आहे ते पाहू. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवी मिळाली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घ्यायची. या नोंदणीसाठी कायद्यात ठरलेली फी 750 रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना 125 रुपये. यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 साली सांगितलं आहे. कोर्टात वकिली करण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षाही पास व्हावी लागते.

नोटरी होण्यासाठी साधारणपणे दहा वर्षं वकिली झालेली असावी लागते. पण स्त्रियांना ही अट सात वर्षांचीच आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांनाही सातच वर्षं. म्हणजे आज बारावी झालेली तुमची लेक वेळेवर शिकली, तर तिशीच्या आसपास अर्ज करू शकते. ही सवलत नियमातच लिहिलेली आहे, ती कुणाकडे मागायला जायची गरज नाही.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात करायचा असतो. अर्ज आला की सरकार काही गोष्टी तपासतं: अर्जदार त्या भागात राहते का, तिथे आणखी नोटरीची गरज आहे का, तिला कायद्याचं ज्ञान किती आणि तिची वागणूक कशी. प्रत्येक राज्यात नोटरींची संख्या ठरलेली असते, त्यामुळे वर्षं भरली की नेमणूक झालीच असं होत नाही. नेमणूक झाल्यावर व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. ते पाच वर्षांसाठी असतं, पुढे नूतनीकरण करावं लागतं. त्यात जो भाग दिलेला असेल, त्याच भागात काम करता येतं.

आता तुम्ही म्हणाल, एका शिक्क्यासाठी एवढी वर्षं कशाला? कारण तो शिक्का साक्ष देतो, की अमुक बाईनं माझ्यासमोर सही केली किंवा शपथ घेतली. म्हणून नोटरीनं माणूस समोर बघायचा, ओळखपत्र बघायचं आणि आपल्या नोंदवहीत नोंद करायची. तुम्ही घरी आणि तुमचा कागद मात्र नोटरी होऊन आला, असं झालं तर तो कागद खोटा आहे.

आणि बायांनो, इथंच आपलं नुकसान होतं. वडील गेल्यावर भाऊ म्हणतो, “ताई, इथं सही कर, नोटरी करून घेतो, म्हणजे काम मिटलं.” बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. लक्षात ठेवा, 2005 च्या दुरुस्तीपासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. जमिनीवरचा किंवा घरावरचा हक्क सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदणी व्हावी लागते. नुसत्या नोटरीच्या शिक्क्यानं हक्क जात नाही. हेच उलट बाजूनंही खरं. जागा विकत घेताना नोटरी केलेल्या कागदावर पूर्ण पैसे मोजाल, तर ती जागा तुमच्या मालकीची होत नाही. लग्न किंवा घटस्फोटही नोटरीसमोर होत नाही. केंद्र सरकारनं 2024 साली नोटरींना तशी स्पष्ट ताकीद दिली आहे.

नोटरीकडे गेल्यावर चार गोष्टी करा. एक, कागद पूर्ण वाचून घ्या, वाचता येत नसेल तर विश्वासातल्या बाईकडून वाचून घ्या. दोन, कोऱ्या कागदावर किंवा मोकळी जागा सोडलेल्या कागदावर सही-अंगठा करू नका. तीन, शिक्क्यावर नोटरीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि कामाचा भाग आहे का ते पाहा. चार, फीचा तक्ता विचारा. तो कार्यालयात आत आणि बाहेर लावणं नोटरीवर बंधनकारक आहे. नोटरीनं गैरवर्तन केलं तर ज्या सरकारनं नेमलं त्याच्याकडे लेखी तक्रार करता येते.

आधीच सही केली असेल तर घाबरून गप्प बसू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तिथं मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तो कागद घेऊन तिथं जा.

पुढच्या बैठकीत गटात एक प्रश्न विचारा: आपल्या गावात कायदा शिकायची इच्छा असलेली मुलगी कोण आहे? तिच्या फीसाठी गटातून कर्ज देता येईल का, यावर बोला. आपल्याच भाषेत कागद समजावून सांगणारी आणि “बाई, वाचल्याशिवाय सही करू नको” म्हणणारी नोटरी तालुक्याला मिळाली, तर कितीतरी बहिणींचा हक्क वाचेल.