गोळी फोडू नका, आवरणही औषधच आहे

"गोळी लई मोठी हाय. कुटून दिली तर चालंल का?" औसा तालुक्यातले किल्लारी असो की मराठवाड्यातले दुसरे कोणतेही बाजारपेठेचे गाव, औषधांच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले की हा प्रश्न कानावर पडतोच. विचारणारा मुलगा असतो किंवा सून, गोळी मात्र घरातल्या थोरल्या माणसाची. १९९३ च्या भूकंपानंतर ज्यांनी नव्या जागेत पुन्हा संसार मांडला, त्या पिढीतले अनेक जण आज साठी-सत्तरीत आहेत. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कुणाला पित्त. गोळी घशात अडकते म्हणून मग ती खलबत्त्यात कुटली जाते. कॅप्सूल उघडून आतले दाणे गुळात कालवले जातात, किंवा गरम चहाच्या घोटाबरोबर ती घेतली जाते.

अनेक साध्या गोळ्यांच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. काही गोळ्यांच्या बाबतीत मात्र बरेच बिघडते आणि प्रसंगी जिवावरही बेतू शकते. कारण या गोळ्यांमध्ये औषध जितके महत्त्वाचे, तितकेच ते कशात बंद केले आहे हेही महत्त्वाचे असते. औषध किती वेळात, पोटाच्या कोणत्या भागात आणि किती प्रमाणात सुटावे, हे ते आवरण ठरवते. गोळी कुटली की औषध तेच राहते, पण त्याला लावलेला लगाम सुटतो.

नावापुढची दोन अक्षरे

गोळ्यांच्या पाकिटावर नावाच्या शेवटी अनेकदा दोन अक्षरे असतात. एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, पीआर. यांचा अर्थ ढोबळमानाने एकच: हे औषध हळूहळू सुटणारे आहे.

मधुमेहावरची मेटफॉर्मिन एसआर ही रोजच्या ओळखीची गोळी घेऊ. तिच्यात औषधाबरोबर पाणी शोषून फुगणारा पदार्थ मिसळलेला असतो. पोटात गेल्यावर गोळीभोवती खळीसारखा चिकट थर तयार होतो आणि त्यातून औषध काही तास झिरपत राहते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यायची गोळी एकदाच घेऊन भागते. ही गोळी कुटली तर दिवसभरासाठी भरलेले औषध एकदम सुटते. मेटफॉर्मिनच्या बाबतीत त्याचा परिणाम मळमळ आणि जुलाबावर भागू शकतो. पण रक्तदाबाची निफेडिपिन, दम्याची थिओफायलिन किंवा तीव्र वेदनांवर दिले जाणारे ट्रॅमाडॉल यांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या कुटल्या, तर दाब अचानक कोसळणे, छातीत धडधड, झटके येणे, श्वास मंदावणे असे धोके संभवतात.

या गोळ्यांमुळे आणखी एक घोटाळा होतो. काही दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांचे रिकामे कवच शौचातून जसेच्या तसे बाहेर पडते. ते दिसले की रुग्णाला वाटते, गोळी पचलीच नाही, औषध वाया गेले. मग तो दुसरी गोळी घेतो किंवा पुढच्या वेळी कुटून घेतो. प्रत्यक्षात औषध आधीच शरीरात उतरलेले असते आणि बाहेर पडते ती नुसती टरफले. शेंगदाणे खाऊन झाल्यावर उरलेल्या फोलपटांसारखी.

दुसऱ्या जातीचे आवरण आम्लापासून बचाव करणारे असते. पित्तावरची पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल ही औषधे जठरातल्या आम्लात टिकत नाहीत. गंमत म्हणजे ज्या आम्लावर ती उपाय आहेत, तेच आम्ल त्यांना वाटेत गाठून निकामी करते. म्हणून त्यांना असे आवरण चढवतात, जे जठरात विरघळत नाही आणि आम्ल कमी असलेल्या लहान आतड्यात पोचल्यावरच उघडते. तिथून औषध रक्तात जाते आणि रक्तावाटे जठराच्या पेशींपर्यंत परत येते. गोळी चावली किंवा कुटली तर औषधाचा बराच भाग जठरातच नष्ट होतो. मग "इतक्या दिवसांच्या गोळ्या घेऊनही पित्त जात नाही" ही तक्रार सुरू होते.

नियमाला अपवादही आहेत. मेटोप्रोलॉलच्या काही दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांत प्रत्येक बारीक दाण्याला स्वतंत्र आवरण असते. अशा गोळीवर मधोमध रेघ असेल तर ती अर्धी करता येते, पण कुटता येत नाही. आणि हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असताना डॉक्टर ॲस्पिरिन मुद्दाम चावून खायला सांगतात. तिथे एकेक मिनिट मोलाचे असते. आवरण केव्हा राखायचे आणि केव्हा मोडायचे, हा निर्णय उपचाराचाच भाग आहे. म्हणूनच तो घरच्या खलबत्त्यावर सोडता येत नाही.

केईएममधले चरबीचे बुडबुडे

आवरणाने औषधाचा स्वभाव किती बदलू शकतो, याचे आपल्याच राज्यातले उदाहरण म्हणजे ॲम्फोटेरिसिन-बी. १९५० च्या दशकात मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालेले हे औषध बुरशीच्या गंभीर आजारांवर जालीम ठरले. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्याला ते भोके पाडते. पण माणसाच्या पेशींचा पडदाही काहीसा तसाच असल्याने त्यालाही ते थोडेफार डंख मारते. सर्वाधिक फटका मूत्रपिंडांना बसतो. थंडी वाजून ताप येतो, रक्तातले पोटॅशियम घटते. रोग बरा करावा तर मूत्रपिंडे धोक्यात, अशी डॉक्टरांची कोंडी होत असे.

तोडगा निघाला चरबीच्या बुडबुड्यांतून. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की काही प्रकारची चरबी पाण्यात मिसळली की तिचे रेणू आपोआप बंद पोकळ बुडबुडे बनवतात. यांना लायपोसोम म्हणतात. औषधात वापरले जाणारे असे बुडबुडे केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतके लहान असू शकतात. ॲम्फोटेरिसिन या बुडबुड्याच्या भिंतीतच रुतवून ठेवले, की रक्तातून जाताना ते माणसाच्या पेशींना फारसे त्रास देत नाही. बुरशी भेटली की मात्र तिच्या पडद्याकडे ओढले जाते. औषध तेच, पण मूत्रपिंडांवरचा घाव कितीतरी कमी.

परदेशी बनावटीची अशी इंजेक्शने सामान्य रुग्णाला न परवडणारी होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठातील डॉ. बिमल कुमार बछावत यांच्या साथीने, लायपोसोममधले ॲम्फोटेरिसिन देशातच विकसित केले आणि रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. पुढे ते बाजारात आले. ते देण्यापूर्वी ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवून बुडबुडे हवे तेवढे बारीक करून घ्यावे लागतात. म्हणजे रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचेस्तोवर आवरणाची काळजी घ्यावी लागते.

या औषधाचे नाव घराघरांत पोचले ते २०२१ च्या उन्हाळ्यात. करोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेही रुग्णांना म्युकरमायकोसिसने गाठले. महाराष्ट्र सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांपैकी एक होता. लायपोसोमच्या इंजेक्शनांचा हिशेब साधा आणि भयंकर होता. रोज दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम धरले, तर ६० किलोच्या रुग्णाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या एका दिवसाला, आणि तेही काही आठवडे. नातेवाईक चिठ्ठी घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. मे २०२१ मध्ये वर्ध्यात ॲम्फोटेरिसिनच्या इमल्शन इंजेक्शनचे उत्पादन सुरू झाले, ते याच टंचाईमुळे. औषधाचा रेणू गेली साठ-सत्तर वर्षे ठाऊक होता. तुटवडा पडला तो त्याला सुरक्षित पोचवणाऱ्या आवरणाचा.

एका ग्रॅममध्ये दहा गुंठे

भोवती कवच घालणे ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे छिद्रांत धरून ठेवणे. तिचा नमुना किल्लारीकरांच्या पायाखालीच आहे. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेतले. त्यात वरचा ३३८ मीटरचा थर निघाला तो दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. हा लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडकात पोकळ्या राहतात. महाराष्ट्रात ठिकठिकाणी या पोकळ्यांत पुढे सुंदर स्फटिक तयार झाले. त्यातला एक मोठा वर्ग झिओलाइटचा. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय अशाच स्फटिकांसाठी प्रसिद्ध आहे.

झिओलाइटच्या स्फटिकात रेणूंच्या मापाची छिद्रे असतात, अगदी गाळणीच्या भोकांसारखी एकसारखी. करोनाकाळात घरोघरी आणि जिल्हा रुग्णालयांत आलेली प्राणवायूची यंत्रे याच गुणावर चालतात. कारखान्यात बनवलेले झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि प्राणवायू पुढे जाऊ देते.

असाच दुसरा सच्छिद्र पदार्थ म्हणजे औषधी कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर सुमारे १००० चौरस मीटर क्षेत्र भरेल. आपल्या मापात बोलायचे तर चिमूटभर भुकटीत दहा गुंठे रान! काही विषे पोटात गेल्यानंतर लवकर, शक्यतो तासाभरात, रुग्णालयात हा कोळसा दिला तर तो विष आपल्या छिद्रांत धरून ठेवतो आणि रक्तात जाऊ देत नाही. मात्र प्रत्येक विषावर तो चालत नाही. आम्ल, मद्यार्क, लोह यांवर त्याचा उपयोग नाही. गुंगीत असलेल्या माणसाला तो पाजला तर फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून चुलीतला कोळसा घोळून पाजण्याचा प्रयोग घरी करू नये. रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे.

वाळूच्याच कुळातल्या सिलिकाचे असे सच्छिद्र कण बनवून त्यांत औषध भरण्याचे आणि ते नेमक्या जागी सोडण्याचे संशोधन जगभर सुरू आहे. तत्त्व तेच आहे: आत घ्यायचे, धरून ठेवायचे, वेळ आली की सोडायचे.

बाटलीवरचे 'सीएस'

घरातल्या गोळ्यांच्या पाकिटावर जसे एसआर, तसे शेतातल्या बाटलीवर 'सीएस'. सोयाबीन पेरल्यावर तण उगवण्याआधी फवारायचे पेंडीमिथॅलिन दोन रूपांत मिळते. जुने ३० टक्के ईसी आणि नवे ३८.७ टक्के सीएस. ईसीमध्ये तणनाशक तेलकट द्रावकात विरघळलेले असते. त्याला उग्र वास येतो आणि हातावर पिवळे डाग पडतात. सीएसमध्ये तेच तणनाशक डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्यांत बंद करून पाण्यात तरंगत ठेवलेले असते. वास कमी, डाग कमी, उडून जाणेही कमी.

वास कमी झाला की भीतीही कमी होते, आणि धोका इथेच आहे. कुपीत बंद केलेले विष हे विषच राहते. फक्त ते उशिरा सुटते. अमेरिकेत १९७० च्या दशकात मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक असेच कुप्यांत भरून बाजारात आले. फवारणाऱ्या माणसाला ते तुलनेने कमी अपायकारक होते. पण कुप्यांचा आकार नेमका परागकणांएवढा. मधमाश्यांनी त्या परागाबरोबर गोळा करून पोळ्यात नेल्या, साठवल्या आणि पोळीच्या पोळी बळी पडली. शेतात सुटून वाऱ्यावर जायचे ते विष आवरणामुळे पोळ्याच्या कोठारात जाऊन बसले.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी घेतले, ते आपण विसरलेलो नाही. बाटलीवर ईसी असो की सीएस, हातमोजे, मुखपट्टी, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी आणि नंतर साबणाने अंघोळ यांना पर्याय नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. कापडाला चिकटलेल्या कुप्या वाळल्यानंतरही आतला माल सोडू शकतात.

हे लक्षात ठेवा

- पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, पीआर अशी अक्षरे असतील, तर विचारल्याशिवाय गोळी कुटू, चावू किंवा तोडू नका.
- गोळीवर रेघ असली तरी ती अर्धी करण्याआधी औषध विक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारा. अर्धी करता येणारी प्रत्येक गोळी कुटता येतेच असे नाही.
- गिळायला त्रास होत असेल तर तसे स्पष्ट सांगा. अनेक औषधे पातळ स्वरूपात, छोट्या गोळीत किंवा साध्या गोळीच्या रूपात मिळतात. मात्र मात्रा आणि वेळा डॉक्टरच बदलून देतील.
- दाण्यांची कॅप्सूल उघडायला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर दाणे थंड, मऊ अन्नाच्या घासात घालून न चावता गिळा. गरम चहा-दुधाबरोबर कॅप्सूल घेऊ नका, साधे पाणी घ्या.
- शौचात गोळीसारखे काही दिसले तर घाबरून जादा गोळी घेऊ नका. डॉक्टरांना विचारा.
- नळीतून अन्न दिल्या जाणाऱ्या रुग्णाची प्रत्येक गोळी कुटण्याआधी एकदा खात्री करून घ्या. सर्वाधिक चुका इथेच होतात.

पुढच्या वेळी दुकानाच्या फळीवर पाकीट हातात पडेल, तेव्हा "कितीला?" आणि "जेवणाआधी की नंतर?" या दोन प्रश्नांत तिसऱ्याची भर घाला: "ही गोळी अख्खीच गिळायची का?" उत्तर द्यायला औषध विक्रेत्याला दहा सेकंद लागतात. घरातल्या थोरल्यांसाठी तेवढे विचारून घ्यायलाच हवे.