दाट आवण आणि उंचीचा भ्रम

शहापूर-मुरबाडकडे पावसाआधी राब भाजतात. शेण, पातेरा, झाडांच्या डहाळ्या थरावर थर रचून पेटवायच्या, तण आणि तणाचं बी जळून जातं, माती भुसभुशीत होते आणि मग त्या तुकड्यावर लावणीच्या रोपांसाठी, म्हणजे आवणासाठी, भात पेरायचं. पण पातेरा आणि शेण मोजकंच असतं, त्यामुळे राब लहान होतो. शेत मात्र तेवढंच राहतं. मग सगळं बी त्या लहान तुकड्यात मावेल तसं पेरलं जातं आणि त्याच्या समर्थनाला एक वाक्य तयार असतं: "दाट पेरलं की आवण कमी पडत नाही."

मुठी मोजल्या तर हे खरं आहे. रोपाचं वजन केलं तर नाही. जपानमध्ये किरा आणि सहकारी संशोधकांनी 1953 मध्येच दाखवलं होतं, की ठरावीक जागेत रोपं एका मर्यादेपलीकडे वाढवली, तर काही काळाने सगळ्यांचं मिळून वजन जवळपास तेवढंच भरतं. बी दुप्पट टाकलं तर माल दुप्पट होत नाही, प्रत्येक रोप निम्मं होतं. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरभर लावणीसाठी साधारण 10 गुंठे रोपवाटिकेची आहे. म्हणजे चौरस मीटरला 40-50 ग्रॅम बी. आपला राब एकदा पावलांनी मोजून बघा.

दुसरा गैरसमज जास्त फसवा, कारण तो डोळ्यांना पटतो: "रोप उंच झालं म्हणजे जोमात आहे." परसात फुटक्या घमेल्यात फेकलेली मिरची बघा. शेंड्याला हिरवीगार छत्री दिसते. एक झुबका हाताने बाजूला सारा. खाली देठ पांढुरके आणि सुतासारखे, तळची पानं पिवळी, काही गळालेली. झुबका उचलला तर मुळं एकमेकांत विणलेली, एक रोप ओढलं की चार येतात. ही उंची अन्नाची नाही, घाईची आहे. पान प्रकाशातला लाल भाग खातं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला जवळपास न दिसणारा अतिरक्त भाग परतवतं. शेजारच्या पानांवरून असा प्रकाश अंगावर आला, की प्रत्यक्ष सावली पडायच्या आधीच रोपाला गर्दी कळते. मग ते फांद्या, मुळं, देठाची जाडी यांवरचा खर्च थांबवून नुसतं वर धावतं. आपल्याकडे आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा तर हे अधिकच.

"मग थोडा युरिया मारू." हा उपाय नव्हे. नत्राने ती लांबट रोपं आणखी लुसलुशीत होतात आणि ओल्या, कोंदट गर्दीत बुरशी आली की देठाशी कुजून एका रात्रीत कोलमडतात. शिवाय जे कमी आहे ते खतात नाहीच. 2012 मध्ये पोर्टर आणि सहकारी संशोधकांनी कुंडीच्या आकारावरच्या 65 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कुंडीची जागा दुप्पट झाली की रोपाचं वजन सरासरी 43 टक्क्यांनी वाढलं. मुळांना जागा अपुरी पडली की पानांचं अन्न तयार करण्याचं कामच मंदावतं, हे त्यातलं महत्त्वाचं कारण.

इथे एखादा जाणकार शेतकरी अडवेल आणि त्याने अडवायलाच हवं. यंत्राने लावणी करायची तर भाताची रोपं ट्रेमध्येच वाढवतात. 58 बाय 28 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये 100 ते 150 ग्रॅम बी, म्हणजे गादीवाफ्याच्या बारा ते तेवीस पट दाटी! तरी ती रोपं चांगली लागतात. कारण ती 15 ते 20 दिवसांत बाहेर पडतात. भाताच्या दाण्यात स्वतःची शिदोरी असते, साधारण तिसऱ्या पानापर्यंत ती पुरते. तोवर शेजारी किती आहेत याचा फारसा फरक पडत नाही. शिदोरी संपली, की प्रत्येक दिवस महाग. म्हणून दाटी किती, एवढंच विचारून भागत नाही. ती किती दिवस चालली, हेही विचारावं लागतं.

आपला घोळ इथेच होतो. जूनमध्ये राब उगवतो आणि पाऊस दडी मारतो. चिखलणी लांबते, 21 ते 25 दिवसांत निघायचं आवण पस्तीस-चाळीस दिवस तिथेच उभं राहतं. विरळ राबातलं रोप हा उशीर बराचसा सोसतं. दाट राबातल्या रोपाचे खालचे फुटव्यांचे डोळे तोवर निजून गेलेले असतात, ते शेतात गेल्यावरही पुरते जागे होत नाहीत. मग चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपं लावून भरपाई करावी लागते. म्हणजे राबात जे जास्तीचं आवण मिळालं, ते शेतात असं संपतं.

"कमजोर रोपं आपोआप मरतात, उरलेली सुधारतात" हेही अर्धवट खरं. मरतात, पण मरेपर्यंत सगळ्यांचं खाऊन. मिरची-वांग्याची विरळणी दुसरं खरं पान आल्याबरोबर करा आणि उपटू नका, जादा रोप कात्रीने मातीलगत कापा. शेजाऱ्याची मुळं दुखावत नाहीत.

पिशवीतल्या झाडांचं तर विचारूच नका. आंबा-काजूचं छातीएवढं रोप लहानशा पिशवीत दिसलं की लोक आधी तेच उचलतात. पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं असतं आणि जमिनीत गेल्यावरही ते सहसा सुटत नाही. पिशवीच्या मानाने बेताचं, जाड बुंध्याचं रोप घ्या.

आणि यंदा राबाला पातेरा पुरला नाही, तर बी त्यातच कोंबू नका. शेजारी शेणखत मिसळून मीटरभर रुंदीचा गादीवाफा करा, पाण्याला चर ठेवा आणि उरलेलं बी तिथे ओळीत पेरा.