आकाशातला मोजणीदार

काही वर्षांपूर्वी कलघटगी तालुक्यातील एका खेड्यात सरकारी कामानिमित्त जाण्याचा योग आला. गावात शिरताच घराघरांभोवती चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसल्या. आम्हांस वाटले, जत्रेची तयारी असावी. चौकशी करता कळले की गावठाणाची, इकडच्या बोलीत ग्रामठाण्याची, मोजणी असून ड्रोन वरून छायाचित्रे घेणार आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेचे हे काम. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही तिच्या पहिल्या राज्यांतली.

आमच्याबरोबर उभ्या असलेल्या एका म्हातारबुवांनी विचारले, "मास्तर, हे चित्र आणखी कुणाकुणाकडं जाणार?" आम्हांस उत्तर देता आले नाही. शाळेत प्रश्न विचारणारे आम्ही, तिथे मात्र विद्यार्थी ठरलो.

प्रश्न खुळचट नव्हता. ड्रोन हा नुसता उडता कॅमेरा नव्हे. आपण कुठून उडालो, कुठे उतरलो याची नोंद तो ठेवतो, आणि मोबाइलवरील ॲपच्या वाटेने ती माहिती कारखानदाराच्या संगणकापर्यंत पोचू शकते. छोट्या ड्रोनांच्या बाजारात चीनचा वरचष्मा आहे, आणि तेथील २०१७ च्या कायद्यान्वये गुप्तवार्ता खात्यास साहाय्य करणे कंपन्यांना बंधनकारक आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या केंद्रीय खात्यांना चिनी ड्रोन खरेदी करण्यास कायद्याने मनाई केली, ती याच धास्तीने.

आपल्याकडे ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनांची आयात बंद आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांपुरता अपवाद ठेवला आहे. सुट्या भागांना मात्र मुभा राहिली. दाराला कुलूप घातले, खिडकी उघडी ठेवली, असे कुणी म्हणेल. पण ही खिडकी बंद केली असती तर स्वदेशी कारखान्यांनी जोडायचे काय? मुंबईच्या आय. आय. टी. तील विद्यार्थ्यांनी २००७ साली काढलेली 'आयडियाफोर्ज' कंपनी आज लष्कराला ड्रोन पुरवते, हे आपणा मराठी जनांस भूषणावह आहे. परंतु सगळेच असे नाहीत. २०२५ च्या आरंभी चिनी सुटे भाग असल्याच्या कारणावरून लष्करासाठीच्या ४०० ड्रोनांची खरेदी रद्द करावी लागली. पाटी देशी, पोटात परकी चिप, असा तो प्रकार.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी हाच विवेक आहे. व्यापार करू द्यावा, पण समुद्राकाठी जागा देऊ नये. आमचेही मत असेच आहे. नवलगुंदच्या शेतावर औषध फवारणाऱ्या ड्रोनात एखादा परकी भाग असला तर आकाश कोसळणार नाही. मात्र धरणे, रेल्वे, छावण्या, गावांचे नकाशे यांसाठी सरकार जे विकत घेते, त्याची तपासणी मोटारीपासून चिपपर्यंत व्हावी. देशी माल महाग पडेल, तर पडो. येथे स्वस्ताई पाहणे परवडणारे नाही. आणि छायाचित्रे कोठे साठवली जातात, हे गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगितले जावे. आजवर ते आमच्या ऐकिवात नाही.

पुढे त्या गावी पुन्हा गेलो, तेव्हा म्हातारबुवांच्या हाती मालमत्तेचे कार्ड आले होते. त्यावरच्या नकाशात बोट ठेवून त्यांनी आम्हांस आपले घर दाखवले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. या खेपेस आम्ही ओट्यावर बसलो, आणि वर लिहिले तेवढे सारे त्यांना सांगितले.